रिफंडची रक्कम वर्षभर पगारातच राहू द्या: पगार विभागांना खुले पत्र

प्रति,
खासगी कंपन्या, शिक्षणसंस्था, रुग्णालये आणि सहकारी संस्था यांच्या पगार विभागांतील अधिकारी व लेखापाल यांस

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

नोकरदारांची प्राप्तिकर विवरणपत्रे भरून देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि जून महिना उजाडला की समोर येऊन बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: यंदा रिफंड किती येईल? कर किती लागला, तो बरोबर लागला का, पुढच्या वर्षी काय बदलायला हवे, हे प्रश्न नंतर येतात किंवा येतच नाहीत. ज्याला मोठा रिफंड मिळणार असतो तो समाधानाने परततो आणि ज्याला काहीच मिळणार नसते त्याला आपले कुठेतरी चुकले असे वाटत राहते. बहुतेक वेळा खरी स्थिती याच्या उलट असते, आणि तसे मी त्यांना सांगतोही. पण तेव्हा सांगून उपयोग थोडाच होतो, कारण वर्ष संपलेले असते आणि जादा कापलेली रक्कम सरकारी तिजोरीत जाऊन कित्येक महिने लोटलेले असतात. ती रक्कम ज्या टेबलावर ठरते ते टेबल आपले आहे. म्हणून हे पत्र प्राप्तिकर विभागाला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

माझी विनंती एका वाक्यात सांगता येईल. आपल्या कर्मचाऱ्याला वर्षअखेरीस रिफंड मागण्याची वेळ शक्यतो येऊ नये, अशा बेताने त्याचा कर कापावा.

ही विनंती कायद्याला धरूनच आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १९२ मालकाला सांगते की कर्मचाऱ्याच्या संपूर्ण वर्षाच्या पगाराचा अंदाज करावा, त्यावर किती कर होईल ते काढावे आणि तो सरासरी दराने दर महिन्याच्या पगारातून कापावा. याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात, आधीच्या महिन्यांत कमी किंवा जास्त कपात झाली असेल तर त्याच आर्थिक वर्षातील पुढच्या पगारांतून ती जुळवून घेण्याची स्पष्ट मुभा आहे. म्हणजे मार्चचा पगार हातात पडेल तेव्हा कापलेला कर आणि लागणारा कर यांत शक्यतो अंतर उरू नये, असाच या रचनेचा हेतू आहे. १ एप्रिल २०२६ पासून या कायद्याची जागा प्राप्तिकर अधिनियम, २०२५ घेतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे या पत्रातले क्रमांक जुन्या कायद्याचे समजावेत. पगारातून कर कापण्याचे तत्त्व मात्र बदललेले नाही.

रिफंड म्हणजे नेमके काय होते हे आकड्यांत पाहिले तर माझा आग्रह स्पष्ट होईल. समजा, एका कर्मचाऱ्याचा वार्षिक पगार १८ लाख रुपये आहे. तो मुंबईत भाड्याने राहतो, गावाकडच्या शहरात त्याने कर्ज काढून आईवडिलांसाठी घर घेतले आहे, आणि त्याला जुन्या करप्रणालीत (कर काढण्याच्या दोन पर्यायी पद्धतींपैकी अधिक वजावटी देणाऱ्या पद्धतीत) ५०,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारदाराला मिळणारी ठरावीक वजावट), कलम ८० सीचे (विमा, भविष्य निर्वाह निधी अशा बचतीचे) १,५०,००० रुपये, आरोग्य विम्याचे २५,००० रुपये, गृहकर्जाच्या व्याजाचे २,००,००० रुपये आणि घरभाडे भत्त्यावरील ४,००,००० रुपयांची सूट, असे सगळे मिळून ८,२५,००० रुपये वजा करता येतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या दरांनी त्याचा कर उपकरासह १,११,८०० रुपये होतो. नव्या प्रणालीत त्याला ७५,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीखेरीज यांतले काही मिळत नाही आणि कर १,५०,८०० रुपये होतो. कोणती प्रणाली हवी हे त्याने एप्रिलमध्ये आपल्याला कळवलेच नाही, किंवा कळवण्यासाठी आलेला ईमेल त्याने पाहिलाच नाही, तर आपण नियमाप्रमाणे नव्या प्रणालीने कर कापता. दर महिन्याला ३,२५० रुपये जास्त जातात आणि वर्षभरात ३९,००० रुपये साठतात. मग तो विवरणपत्रात जुनी प्रणाली निवडतो, ३९,००० रुपयांचा रिफंड खात्यावर येतो आणि तो सहकाऱ्यांना पेढे देतो.

त्या वर्षभरात या पैशाला मोबदला किती मिळाला? एप्रिलमध्ये कापलेल्या पहिल्या ३,२५० रुपयांवर पुढच्या मार्चपर्यंत सरकार एक पैसाही व्याज देत नाही. कलम २४४ ए प्रमाणे व्याज सुरू होते ते करनिर्धारण वर्षाच्या, म्हणजे कर कापला त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या, १ एप्रिलपासून, तेही विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. उशिरा भरले तर ते भरल्याच्या तारखेपासून. दर आहे महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे ३९,००० रुपयांवर १९५ रुपये, आणि हे व्याज पुन्हा करपात्र. शिवाय रिफंडची रक्कम एकूण ठरलेल्या कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याज मुळीच मिळत नाही. ज्याचा वार्षिक कर ५ लाख रुपये आहे आणि ज्याचे ४८,००० रुपये जादा कापले गेले आहेत, त्याला ते तसेच्या तसे परत मिळतात. उलट करदात्याने आगाऊ कर, म्हणजे वर्ष चालू असतानाच स्वतः भरायचा कर, कमी भरला तर कलम २३४ बी आणि २३४ सी खाली तो महिन्याला एक टक्का व्याज भरतो. देण्याघेण्याच्या दरांतले हे अंतर आपल्या किंवा माझ्या हातात नाही. पण ते आहे हे ठाऊक असताना कर्मचाऱ्याला त्याच्या पडत्या बाजूला उभे करू नये, एवढे आपण करू शकतो.

बँकेतल्या ठेवीचे बुडालेले व्याज मोजले तर नुकसान लहान दिसते. साडेसहा टक्के दराने पहिल्या वर्षात ते साधारण १,१६० रुपये भरेल, आणि एवढ्यासाठी कोण डोके शिणवणार, असे कोणी म्हणू शकेल. परंतु ज्या घरात क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला तीन टक्क्यांनी वाढते आहे, त्या घराचा हिशेब वेगळा आहे. तेच दरमहा ३,२५० रुपये कार्डाच्या बिलात गेले असते तर सरळव्याजानेदेखील मार्चपर्यंत सुमारे ६,४३५ रुपयांचे व्याज वाचले असते, आणि एप्रिलनंतर रिफंड येईपर्यंतच्या प्रत्येक महिन्याला आणखी १,१७० रुपये. एका बाजूला सरकारकडून १९५ रुपये येत असतात आणि दुसऱ्या बाजूला कार्डापोटी १,१७० रुपये जात असतात. जुलैपर्यंत मुलांच्या फीसाठी वैयक्तिक कर्ज घेऊन सप्टेंबरमध्ये रिफंड आल्याचा आनंद मानणारी माणसे माझ्या पाहण्यात आहेत, आणि त्यांना हसण्यासारखे यात काही नाही. त्यांना हा हिशेब कोणी वर्षाच्या सुरुवातीला मांडून दाखवलेला नसतो.

वरच्या उदाहरणात याहूनही मोठा धोका दडलेला आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. ज्याला व्यवसायाचे उत्पन्न नाही अशा नोकरदाराला जुनी प्रणाली निवडायची असेल तर विवरणपत्र ठरलेल्या मुदतीच्या आतच भरावे लागते. मुदत चुकली की नवी प्रणाली सक्तीची होते. म्हणजे आजारपणामुळे, बदलीमुळे किंवा निव्वळ विसरल्यामुळे ज्याने मुदतीनंतर विवरणपत्र भरले त्याचे ते ३९,००० रुपये रिफंड म्हणून येतच नाहीत. ते कायमचे गेले. एप्रिलमध्ये आपण त्याच्याकडून उत्तर मिळवले असते तर दरमहा ३,२५० रुपये आधीच त्याच्या हातात असते, आणि विवरणपत्राचे महत्त्वही त्याला तेव्हाच कळले असते.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ५ एप्रिल २०२३ च्या परिपत्रकात मालकांना सांगितले आहे की प्रत्येक कर्मचाऱ्याकडून त्याला कोणती प्रणाली हवी आहे याची माहिती मागवावी, आणि त्याने न कळवल्यास नवी प्रणाली धरावी. पुष्कळ ठिकाणी या परिपत्रकाचा दुसरा भाग तेवढा पाळला जातो. सगळ्यांना मिळून एक ईमेल जातो, पोर्टलवरची खिडकी आठवडाभर उघडी राहते आणि मग बंद होते. माझे म्हणणे असे आहे की ज्याचे उत्तर आले नाही त्याला निदान एकदा नावानिशी विचारावे, आणि विचारताना दोन्ही प्रणालींत त्याचा अंदाजे कर किती होईल हे दोन आकडे समोर ठेवावेत. हा हिशेब आपल्या संगणकप्रणालीला क्षणभराचा आहे. कर्मचाऱ्याला मात्र तो स्वतः मांडता येत नाही म्हणूनच तो गप्प राहतो.

आता ज्या विषयासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतले त्या विषयाकडे येतो, तो म्हणजे पुराव्यांची मुदत. कलम १९२ मध्ये २०१५ साली भर घालून मालकाने वजावटींचे पुरावे घ्यावेत असे बंधन आले आणि २०१६ मध्ये त्यासाठी फॉर्म १२ बीबी आला. पुरावे मागण्याला माझा मुळीच विरोध नाही. खोट्या भाडेपावत्या आणि न भरलेले हप्ते यांची वाट बंद व्हायलाच हवी. मात्र हे पुरावे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात किंवा १० जानेवारीपर्यंत द्या, अशी मुदत नियमात कुठेही नाही. ती आपण आपल्या सोयीसाठी ठरवलेली आहे. वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. विम्याचा हप्ता फेब्रुवारीत येणारे लोक आहेत, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या (पीपीएफ) खात्यात मार्चमध्ये पैसे भरणारे आहेत, आणि भाडे तर शेवटच्या महिन्यापर्यंत दिलेच जाते. बँकेकडून गृहकर्जाच्या व्याजाचा दाखला हातात पडायला एखाद्याला उशीर होतो, घरमालक पॅन द्यायला टाळाटाळ करतो, आणि वर्षाचे भाडे एक लाख रुपयांच्या वर असेल तर घरमालकाच्या पॅनशिवाय आपण सूट देऊ शकत नाही. अशा वेळी एका कागदासाठी आपण संपूर्ण घरभाडे भत्त्याची सूट नाकारता, नाकारलेल्या सुटीवरचा वर्षाचा कर जानेवारी ते मार्च या तीन पगारांवर टाकता, आणि कर्मचाऱ्याला सांगता, "काळजी करू नका, रिफंडमध्ये मिळेल."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे. ते सद्भावनेने म्हटले जाते आणि ते खोटेही नाही. पण ज्याच्या मार्चच्या पगारातून एरवीच्या चौपट कर कापला गेला त्याचे घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि शाळेची फी त्या महिन्यात थांबत नाहीत. रिफंड मिळण्यासाठी आधी १५ जूनच्या सुमारास आपल्याकडून फॉर्म १६, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, यावा लागतो, मग विवरणपत्र भरावे लागते, त्याची पडताळणी करावी लागते, आणि बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात ते तपासले जाते. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले ते संपल्यानंतर नऊ महिन्यांपर्यंत तपासणीची सूचना पाठवण्याची मुभा कायद्याने विभागाला दिली आहे. पुष्कळांना काही आठवड्यांत रिफंड मिळतो हे खरे आहे आणि त्याचे श्रेय विभागाला द्यायला हवे. तरीही वेळापत्रक करदात्याच्या हाती नसते. करनिर्धारण वर्ष २०२५-२६ मध्ये विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर आणि शेवटी १६ सप्टेंबरवर गेली. जुने काही येणे विभागाच्या नोंदीत असेल तर कलम २४५ खाली रिफंड त्यात वळता होऊ शकतो, मग ते येणे बरोबर असो वा चुकीचे. त्यावर हरकत घेण्याचे काम करदात्याचे. बँक खाते आधी प्रमाणित केलेले नसेल तर पैसे अडकतात. एवढ्या सगळ्या पायऱ्या "रिफंडमध्ये मिळेल" या तीन सेकंदांच्या वाक्यात दिसत नाहीत.

बिगरसरकारी मालकांना मार्चमध्ये कापलेला कर भरायला ३० एप्रिलपर्यंत वेळ असतो आणि कापलेल्या कराचे शेवटच्या तिमाहीचे विवरण ३१ मे पर्यंत द्यायचे असते. मार्चचा पगार काढण्याचे काम मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होत असेल तर पुरावे १५ मार्चपर्यंत घेणे अवघड असले तरी अशक्य नाही. कर्मचाऱ्यांची संख्या मोठी असेल तर डिसेंबरमध्ये पहिला टप्पा घ्यावा आणि राहिलेल्यांसाठी मार्चमध्ये दुसरा ठेवावा. ज्या कागदात त्रुटी आहे तेवढाच नाकारावा, बाकीचे मान्य करावेत, आणि नाकारण्यापूर्वी कर्मचाऱ्याला एक संधी द्यावी. हे काही ठिकाणी होतेही. जिथे होते तिथले कर्मचारी माझ्याकडे आले की मला ते त्यांच्या फॉर्म १६ वरूनच कळते, कारण तिथे रिफंडचा आकडा शे-दोनशे रुपयांपलीकडे जात नाही.

आपण जास्त कापण्याकडे का झुकता हे मी समजू शकतो. कर कमी कापला तर कलम २०१ खाली मालक कसूरदार ठरू शकतो, त्याला महिन्याला एक टक्का, आणि कापून वेळेवर न भरल्यास दीड टक्का व्याज भरावे लागते, आणि लेखापरीक्षक आपल्याला जाब विचारतो. जास्त कापल्याबद्दल कोणीही काही विचारत नाही. या एकतर्फी भीतीपोटी शंका आली की कापून मोकळे व्हायचे, असा रिवाज पडला आहे. पण प्रामाणिकपणे केलेला, कागदांवर आधारलेला अंदाज हीच कायद्याची अपेक्षा आहे. संपूर्ण खबरदारीची किंमत जर दर वर्षी कर्मचाऱ्याच्या खिशातून जात असेल, तर तिला खबरदारी म्हणणे मला पटत नाही.

काही बाबतींत कायद्याने नवी सोय दिलेली आहे आणि ती कर्मचाऱ्यांपर्यंत पोचलेली नाही. ऑक्टोबर २०२४ पासून फॉर्म १२ बीएए भरून कर्मचारी आपल्याला सांगू शकतो की बँकेने त्याच्या ठेवीवर इतका कर कापला आहे, किंवा दहा लाखांवरची गाडी घेताना विक्रेत्याने इतका कर गोळा केला आहे. तो आकडा धरून आपण पगारातली कपात कमी करू शकता. पूर्वी हा सगळा पैसा रिफंडच्याच वाटेने यायचा. तसेच मागील वर्षांच्या पगाराची थकबाकी एकदम मिळाली तर कलम ८९ ची सवलत असते, आणि फॉर्म १० ई दिल्यास ती मालकाकडूनही हिशेबात घेता येते. ही मुभा कंपन्या, सहकारी संस्था, विद्यापीठे आणि शिक्षणसंस्था यांच्या कर्मचाऱ्यांना आहे. थकबाकीच्या महिन्यात ही माहिती पगाराच्या स्लिपसोबत दिली गेली तर किती तरी शिक्षकांचे काम सोपे होईल.

शिक्षणसंस्थांना मला वेगळे सांगायचे आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना, आणि रुग्णालयांत मानधनावर काम करणाऱ्या अनेकांना, आपण पगारदार धरत नाही. त्यांचे मानधन व्यावसायिक शुल्क म्हणून नोंदले जाते आणि वर्षाला ५०,००० रुपयांच्या वर गेले की कलम १९४ जे खाली १० टक्के कर कापला जातो. ज्याला वर्षभरात ३ लाख रुपये मिळाले त्याचे ३०,००० रुपये जातात, आणि त्याचा कर असतो शून्य. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही, पण कपातीच्या वेळी हे कोणी पाहत नाही. आपल्याला कर लागत नाही, तो कापू नका, असे सांगणारा फॉर्म १५ जी बँकेत देता येतो, तसा तो इथे चालत नाही. त्याच्यासाठी मार्ग आहे तो कलम १९७ खालचा: कमी किंवा शून्य कपातीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून मिळवायचा आणि तो संस्थेला द्यायचा. हा मार्ग त्याला कोण सांगणार? वर्षाच्या सुरुवातीला मानधनाचा करार हातात देताना संस्थेच्या लेखापालाने दोन मिनिटे दिली तर बेताच्या उत्पन्नाच्या माणसाचे ३०,००० रुपये वर्षभर अडकणार नाहीत. एका महिन्याचे मानधनही त्याहून कमी असते. या लोकांतले काही जण विवरणपत्र भरतच नाहीत, कारण कर लागत नाही म्हणजे भरायचे नाही, असा त्यांचा समज असतो. मग रिफंडही नाही. नव्या कायद्याच्या विधेयकात सुरुवातीला अशी तरतूद होती की मुदतीनंतर विवरणपत्र भरणाऱ्याला रिफंड मागता येऊ नये. संसदेच्या प्रवर समितीने ती काढण्याची शिफारस केली आणि सुधारित विधेयकातून ती वगळली गेली. लहान उत्पन्नाच्या लोकांवरचे एक संकट त्यामुळे टळले.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. लोक म्हणतात, दरमहा तीन हजार हातात आले तर खर्च होतात, रिफंडमुळे निदान एकरकमी तरी मिळतात. माणसाच्या स्वभावाचे हे निरीक्षण चुकीचे नाही. पण बचतीची सक्ती हवीच असेल तर तिचे साधनही आपल्याच विभागात आहे. कर्मचाऱ्याने लिहून दिले तर ऐच्छिक भविष्य निर्वाह निधीची वाढीव कपात आपण पगारातूनच करता, आणि त्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळाले. ज्याला वर्षभरात पैसे मोकळे हवेत त्याला पगाराच्या तारखेलाच वळती होणारी आवर्ती ठेव उघडता येते. दोन्हींत पैसे त्याच्या नावावर राहतात, व्याज पहिल्या महिन्यापासून चालू होते, आणि अडचण आली तर ते मोडण्याचा काही ना काही मार्ग असतो. जादा कापलेल्या कराला यांतले एकही लागू नाही. दवाखान्याचे बिल समोर असले तरी तो मध्येच मागता येत नाही.

रिफंडला बक्षीस मानण्याच्या सवयीचा एक वाईट परिणाम मी जवळून पाहिला आहे. मोठ्या रिफंडची हमी देऊन त्यातला हिस्सा घेणारे मध्यस्थ कार्यालयांच्या दारापर्यंत पोचतात. राजकीय पक्षांना न दिलेल्या देणग्या, नसलेले शैक्षणिक कर्ज, न झालेला औषधोपचार असे दावे विवरणपत्रात घुसवले जातात. प्राप्तिकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी अशा दाव्यांविरुद्ध देशभर पडताळणीची मोहीम उघडली, आणि त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे सुधारित विवरणपत्रांतून मागे घेतल्याचे जाहीर केले. नोटीस येते ती कर्मचाऱ्याला, मध्यस्थाला शोधणे त्याच्या आवाक्यात नसते. ज्या कार्यालयात कर बरोबर कापला जातो आणि तसे कर्मचाऱ्याला दरमहा दिसते, तिथे "तुमचा रिफंड राहिला आहे" असे सांगत येणाऱ्याच्या जाळ्यात तो सहज सापडत नाही.

रिफंड नेमका शून्य यावा असा माझा हट्ट नाही. भाड्याचे किंवा ठेवींचे उत्पन्न वर्षभरात बदलते, नोकरी मध्येच सुटते, बिनपगारी रजा लांबते, आणि अशा वेळी थोडेफार परत घेणे ओघानेच येते. पण सावधगिरी किती असावी याचे माप कायद्यातच आहे. कपात वजा जाता उरलेला कर १०,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर आगाऊ कर भरण्याचे बंधन नाही आणि त्यावर २३४ बी वा २३४ सी चे व्याजही नाही. तेव्हा विवरणपत्राच्या वेळी दोन-चार हजार भरावे लागले तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट तेवढे पैसे वर्षभर कर्मचाऱ्याच्या हाती राहिले असा त्याचा अर्थ आहे. आपल्याकडे मात्र दोन हजार भरणाऱ्याला चुकल्यासारखे वाटते आणि चाळीस हजार परत मिळवणाऱ्याला जिंकल्यासारखे. ही समजूत बदलायला वेळ लागेल. पगाराच्या स्लिपवर "वर्षाचा अंदाजे कर", "आजवर कापलेला" आणि "उरलेल्या महिन्यांत कापायचा" असे तीन आकडे दर महिन्याला छापले गेले तर ती लवकर बदलेल, असा माझा अनुभवावरून विश्वास आहे.

आणि जिथे रिफंड देय आहेच तिथे तो आपल्यामुळे अडू नये. पॅनमधले एक अक्षर चुकले, चलन चुकीच्या तिमाहीला जोडले गेले किंवा कापलेला कर भरायचाच राहिला, की कर्मचाऱ्याच्या २६ एएस मध्ये, म्हणजे त्याच्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात, तो दिसत नाही आणि विभाग त्याच्याकडेच कराची मागणी करतो. कलम २०५ प्रमाणे पगारातून कापला गेलेला कर त्याच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, पण हे सिद्ध करत बसण्याचा त्रास त्याला होतो. तिमाही विवरणातली दुरुस्ती आपण करू शकता. त्याला ती करता येत नाही. अशी तक्रार आली तर कृपया ती "ऑडिटनंतर पाहू" या गठ्ठ्यात जाऊ देऊ नये.

नव्या कायद्यामुळे आपल्याला फॉर्म, सूचना आणि संगणकप्रणाली या सगळ्यांची फेरमांडणी करावीच लागणार आहे. त्याच वेळी प्रणालीच्या निवडीचे पत्र नावानिशी जावे, पुराव्यांची दुसरी खिडकी १५ मार्च २०२७ पर्यंत उघडी राहील असे वर्षाच्या वेळापत्रकात आधीच लिहिले जावे, आणि गेल्या वर्षी ज्या कर्मचाऱ्यांना मोठा रिफंड घ्यावा लागला त्यांना तो कशामुळे आला हे विचारून त्याची एक यादी आपल्या फाइलला लागावी, ही नम्र विनंती. ज्या विभागाला दोन्ही प्रणालींच्या तुलनेचा किंवा फॉर्म १२ बीएएचा नमुना मराठीत हवा असेल त्यांना तो मी विनामूल्य तयार करून देईन.

आपला विश्वासू,
नोकरदारांची विवरणपत्रे भरणारा एक करसल्लागार